उंबरदरीच्या माळाचा दगड

उंबरदरी,
कार्तिक वद्य ५, शके १८६२

चि. दिनकर,

तुला आणि सुमनला आशीर्वाद. दिवाळीला तुम्ही आला नाहीत त्याचा राग आता उतरला आहे. तुमच्या वाटचे अनारसे माझ्या पोरांनी संपवले. पोरांनी म्हणजे माझ्या शाळेतल्या. यंदा सतरा आहेत.

तुझे मेहुणे गेले तेव्हा दिवस जाईना म्हणून चार लेकरं मारुतीच्या ओवरीत घेऊन बसले, त्याला सहा वर्षं झाली. ओवरी अजून तशीच गळते. गावात वऱ्हाड आलं की ते ओवरीत उतरतं आणि आमची पाटी-दप्तरं बाहेर. सरकारी शाळा राणीसावरगावला, म्हणजे अडीच कोस, मधे दोन ओढे. पावसाळ्यात तिकडं लेकरू धाडायला कोणाची छाती होत नाही.

आता कामाचं लिहिते. गावात पुलाचं कंत्राट घेतलेला बन्सीधर नावाचा गुत्तेदार आला आहे. गंगाखेडच्या सडकेवर पूल व्हायचा आहे, त्याला काळा दगड पाहिजे. आपल्या गावाच्या उगवतीला गायरानाचा माळ आहे ना, तिथला दगड त्याला पसंत पडला. परवा तो आबासाहेबांच्या ओसरीवर बसून सांगत होता, की गायरानातून दगड काढला तर त्याचा मालकाना सरकारात भरावा लागतो. मी आत जाऊबाईंपाशी शेंगा फोडत होते, पण कान बाहेर होते. रात्रभर तेच डोक्यात. माळ गावाचा, मग त्या दगडाचा सगळा पैसा परभणीला का जावा? थोडा गावात राहिला तर एक खोली होईल, एक मास्तर येईल. तू कचेरीत आहेस. असं काही होतं का, बघ.

आबासाहेबांना मी बोलले. तुला माहीत आहे, ते माझे थोरले चुलतदीर आणि गावचे पाटील, म्हणजे त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ते म्हणाले, "वहिनी, शाळा होत असेल तर माझ्या वाड्यालगतची जागा देतो." म्हणजे जागेचाही प्रश्न मिटला.

माळावर खडकाशिवाय काही नाही. त्याचं कोणाला काही वाटायचं कारण नाही.

तुझी ताई,
कमल

~

परभणी,
ता. १ डिसेंबर १९४०

ती. ताईस नमस्कार.

पत्र वाचून मी सुमनला म्हटलं, ताई वकील व्हायची, चुकून बाई झाली. सुमन म्हणाली, बाई झाली म्हणून तर एवढं ऐकू आलं, वकील ओसरीवर बसले असते.

तू ज्याला गावाचा माळ म्हणतेस, तो कागदावर सरकारचा आहे. गावाला चराईचा हक्क, एवढंच. त्यामुळं दगडाचा मालकाना सरकारी तिजोरीतच जातो. पण मी जुनी फर्मानं उलगडून बघितली, आणि एक वाट सापडली. ज्या गावच्या गायरानातून दगड निघतो, त्या गावानं अर्ज केला, तर त्या रकमेतला हिस्सा लोकल फंडात घालून त्याच गावच्या शाळेला लावता येतो. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत असा अर्ज कोणी केलेला बघितला नाही. नाही म्हणायलाही कोणाला संधी मिळाली नाही.

अर्ज मराठीत चालेल, उर्दू तर्जुमा मी करीन. सही आबासाहेबांची आणि आणखी आठ-दहा खातेदारांची घे. मिसलीवर, म्हणजे कचेरीतल्या फाईलवर, टिपण मीच लिहिणार आहे. फक्त एक गोष्ट त्यात लिहावी लागते, की गायरान खोदायला रयतेची हरकत नाही. तशी ती नाही ना? एका शब्दात कळवलंस तरी पुरे.

आणि ताई, दरवेळी लिहितो तेच पुन्हा लिहितो. इथं दोन खोल्या रिकाम्या आहेत. सुमन तुझी वाट बघते.

दिनकर

~

उंबरदरी,
मार्गशीर्ष शु. १०, शके १८६२

चि. दिनकर,

नाही.

(एका शब्दात मागितलंस म्हणून.)

अर्ज सोबत आहे. अकरा सह्या आणि तीन अंगठे आहेत. आबासाहेबांनी सही करताना चष्मा पुसला, दौत बदलून मागवली आणि मग एवढी मोठी सही केली की बाकीच्यांना जागा पुरेना.

दोन खोल्यांचं राहू दे. एक खोली इथं होऊ दे, मग बघू.

कमल

~

परभणी,
ता. २० जानेवारी १९४१

ती. ताईस,

मंजूर! साहेबांनी टिपण वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, "यह क़ायदा हमारे यहाँ था?" मी पान उघडून दाखवलं. त्यांनी सही केली. मी कचेरीतून घरी नेहमी चालत येतो, त्या दिवशी टांग्यानं आलो. सुमनला वाटलं मला ताप आला.

एक खोली, पुढं पडवी, आणि एक मास्तर. पहिल्या वर्षाच्या मालकान्यातून एवढं होईल. दगड निघत राहिला तर मास्तरचा पगारही त्यातूनच चालेल. गुत्तेदाराला माघात काम सुरू करायचा परवाना गेला आहे. इमारतीसाठी दगडही तोच तुमच्या माळावरचा देईल.

आता पोरांना सांग.

दिनकर

~

उंबरदरी,
माघ शु. ८, शके १८६२

चि. दिनकर,

पोरांना सांगितलं आणि घात झाला.

चार दिवसांमागं गुत्तेदाराची माणसं माळावर सुरुंगाची भोकं पाडायला गेली, तर तिथं मेंढरं बसलेली. दीड-दोनशे. मधोमध धनगरवाड्यातली भिवराबाई घोंगडी अंगावर घेऊन बसलेली. तिचा नवरा येडबा बाजूला काठीवर हनुवटी टेकून उभा. तो बायकोपुढं बोलत नाही.

गुत्तेदार म्हणाला, "बाई, मेंढरं हलवा, सुरुंग उडायचाय."

ती म्हणाली, "उडवा की. मेंढरं न्हाई हलत, मी बी न्हाई हलत."

तेव्हापासून ती तिथंच आहे. भाकरी तिथंच, झोप तिथंच. माणसं बसून खातात, गुत्तेदाराचा रोज बुडतो. मी काल जाऊन तिला म्हटलं, "भिवराबाई, अगं शाळा होतीय, गावाच्या लेकरांची. तू त्याच्या मुळावर का उठलीस?" तिनं माझ्याकडं नीट बघितलंही नाही. म्हणाली, "रान कुणाला इचारून दिलं, बाई? मला तर कुणी इचारलं न्हाई."

मला इतका राग आला की परत येताना माझी चप्पल तुटली ते घरी आल्यावर कळलं. सहा वर्षं मी वाट बघितली, आणि एका बाईच्या हट्टापायी सगळं बुडणार. आबासाहेब म्हणतात, गंगाखेडाहून शिपाई बोलावतो. मी म्हटलं, आधी दिनकरला लिहिते. तू वरून एक कडक हुकूम काढ. मेंढरं काय, दुसऱ्या माळावर चरतील.

कमल

~

परभणी,
ता. १० फेब्रुवारी १९४१

ती. ताईस,

हुकूम निघणार नाही. काढता आला असता तरी मी काढला नसता. रागावू नकोस, आधी पुरतं वाच.

मिसलीवर मी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, की रयतेची हरकत नाही. आता गुत्तेदाराची तक्रार आली आहे, की रयत माळावर बसली आहे. साहेबांनी मला बोलावून विचारलं, दोन्ही खरं कसं? मी म्हणालो, मी लिहिलं ते चूक. विचारपूस न करता लिहिलं. त्यांनी तेवढ्यावर सोडून दिलं. त्याची तू चिंता करू नकोस.

पण ताई, मी तुला विचारलं, तू 'नाही' लिहिलंस, आणि मी ते 'नाही' उर्दूत मोठ्या झोकात उतरवलं. आपल्या दोघांपैकी माळावर कोण गेलं होतं? ज्या चौदा जणांनी सह्या-अंगठे केले, त्यांची जनावरं आपापल्या बांधावर चरतात. गायरान ज्यांना लागतं, त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्या अर्जावर नाही. मी आता पुन्हा बघितलं.

शिपाई बोलावू देऊ नकोस. तिच्याकडं जा. भांडायला नको, ऐकायला. तिला काय हवं ते लिहून पाठव. मी नवं टिपण करीन. मंजुरी रद्द झालेली नाही, थांबली आहे.

दिनकर

~

उंबरदरी,
माघ वद्य ६, शके १८६२

चि. दिनकर,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्यावर रुसले. तिसऱ्या दिवशी माळावर गेले.

सकाळची वेळ होती. भिवराबाई एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. मला बघून म्हणाली, "पाटलीणबाई, शिपाई कुठं हायत?"

"शिपाई नाहीत. मीच आले. तू मला विचारलं होतंस, रान कोणाला विचारून दिलं. कोणालाच विचारलं नाही, भिवराबाई. चुकलं आमचं."

तिनं काटा काढला, कोकराला सोडलं, आणि म्हणाली, "चला, दावते."

गुत्तेदारानं चुन्यानं खुणा केल्या होत्या त्याच्या खाली, खडकाच्या पोटाशी एक कपार आहे. इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हती. तिनं आत हात घालून पालापाचोळा बाजूला केला. आत पाणी. ओंजळीएवढं, पण काढलं की पुन्हा भरत होतं. "प्या," म्हणाली. मी प्याले. थंडगार, गोड पाणी.

"फाल्गुन लागला की गावातल्या हिरीवर मेंढरं कोण येऊ देतंय? मिरगापतूर ह्यो झिरा, एवढंच. सुरुंगाचा हादरा बसला की झिरा कुठं पळंल ते देवाला बी ठाऊक न्हाई. मंग दोनशे मेंढरं मी काय आभाळाकडं तोंड करून उभी करू?"

मी म्हटलं, "हे तू गुत्तेदाराला का नाही सांगितलंस?"

"त्यानं इचारलं का? त्यो म्हनला हलवा, मी म्हनले हलत न्हाई."

मग तिनंच मला माळाच्या मागल्या अंगाला नेलं. तिथंही तसाच काळा दगड आहे, उघडा, वर गवताची काडी नाही. फक्त बैलगाडीला फेरा पडतो. "हितं खांदा म्हनावं, पार पाताळापतूर. माझं काय जात न्हाई," म्हणाली.

मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. मी उठायला लागले, तर ती म्हणाली, "बसा की. माझं आजून हाय."

पुढचं तुला जसं झालं तसं लिहिते, कारण ते मला विसरायचं नाही.

"शाळा कुठं व्हायलीय?"

"आबासाहेबांच्या वाड्यालगत. त्यांनी जागा दिली आहे."

"म्हंजी ती आबासायबाची शाळा."

"असं कसं? तुझ्या लेकरांना कोणी अडवणार नाही."

"माझ्या न्हाई अडवनार. कडूबाईच्या?"

कडूबाई मांगवाड्यातली. गुत्तेदारानं खडी फोडायला तिला आणि तिच्या नवऱ्याला लावलं आहे. तिच्या दोन पोरी आहेत. रोज मारुतीच्या देवळाच्या पायरीखाली उभ्या राहतात, मी ओवरीत बाराखडी म्हणवून घेते तेव्हा त्या खालून म्हणतात. धाकटीचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

भिवराबाई म्हणाली, "दगूड कडूबाईनं फोडायचा, त्याची शाळा व्हायची, आन् तिच्या पोरींनी भायेर हुभं ऱ्हायाचं? रान समद्याचं म्हून तुमी सरकाराला पैका मागायलाव ना, बाई? मंग शाळा बी समद्याची करा. न्हाईतर रान मागू नका."

दिनकर, सहा वर्षं मी त्या पोरींना पायरीखाली उभं ठेवून शिकवलं. त्यात आपलं काही चुकतं असं मला कधी वाटलं नाही. उलट मनातून वाटायचं, मी किती चांगली, मी त्यांना हाकलत नाही. देवळात घेणं माझ्या हातात नव्हतं हे खरं. पण मी ओवरीतून खाली उतरून अंगणात शाळा भरवू शकले असते. ते कोणी अडवलं होतं?

तिनं मला भाकरी दिली, लसणाची चटणी दिली. मी तिथंच बसून खाल्ली.

तर मागणं असं आहे, आणि ते आता माझंही आहे. दगड माळाच्या मागल्या अंगानं काढावा. झिऱ्याभोवती शंभर पावलांत सुरुंग लागू नये. आणि शाळा कोणाच्या वाड्यालगत नको. गायरानातच, रस्त्याच्या कडेला, सरकारी जागेवर बांधावी. तिथं कोणी कोणाला पायरी दाखवू शकणार नाही.

आबासाहेबांशी बोलायचं राहिलं आहे. तेच अवघड आहे.

कमल

~

उंबरदरी,
फाल्गुन शु. ९, शके १८६२

चि. दिनकर,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण इकडं बरंच घडलं.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पानाचा डबा बंद केला. ते फार रागावले की डबा बंद करतात. म्हणाले, "माझी जागा नको, म्हणजे मीच नको असं म्हणा ना."

मी म्हटलं, "तुमची जागा चांगली आहे. पण तुमच्या जागेत कडूबाईच्या पोरी येतील का?"

"वहिनी, मी येऊ दिल्या तरी गाव येऊ देणार नाही."

"म्हणून तर तुमच्या जागेत नको. तुमच्यावर बोल यायला नको."

ते हो म्हणाले नाहीत. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जाऊबाईंच्या हाती निरोप धाडायचे.

मग पाचव्या दिवशी येडबा वाड्यावर आला. दरसाल फाल्गुनात ह्यांच्या मेंढ्या आबासाहेबांच्या शेतात बसवतात. रात्री मेंढरं शेतात बसली की लेंडीखतानं जमीन कशी होते ते तुला सांगायला नको, त्या जोरावर तर आबासाहेबांची ज्वारी सगळ्या गावाच्या वर असते. येडबा म्हणाला, "पाटील, यंदा मेंढरं तुमच्या रानात बसणार न्हाईत. बायकू न्हाई म्हनली."

"का?"

"ते तिला इचारा. मला तिनं एवढंच सांगाया धाडलंय."

मी आतून ऐकत होते (मला सवयच आहे). एकदम आबासाहेबांच्या हसण्याचा आवाज आला. पोट धरून हसत होते. म्हणाले, "येडबा, आपल्या दोघांचं घर बायकाच चालवायल्या बग." मग मला हाक मारून म्हणाले, "वहिनी, लिहा तुमच्या भावाला. गायरानात तर गायरानात. पण पाया खोदताना पहिली कुदळ मी मारणार. एवढं तरी ठेवा माझं."

मी म्हटलं, "तुमच्याशिवाय कोण मारणार?"

गुत्तेदार कुरकुरला, फेरा पडतो म्हणून. पण रिकामं बसण्यापेक्षा फेरा बरा, हे त्यालाही समजलं. नवा अर्ज सोबत आहे. ह्या वेळी सह्या आणि अंगठे मिळून त्रेचाळीस आहेत. पहिला अंगठा भिवराबाईचा.

कमल

~

जिंतूर,
ता. २ मे १९४१

ती. ताईस नमस्कार.

सुधारलेली मंजुरी निघाली. झिऱ्याभोवतीची शंभर पावलं नकाशावर लाल शाईनं आखली आहेत. मी परभणी सोडायच्या आधी स्वतः आखून आलो. मास्तर म्हणून आश्रुबा नावाचे गृहस्थ येतील, पाथरीकडचे आहेत. मराठी-उर्दू दोन्ही चांगलं आहे. त्यांना मी सांगितलं, गावात आधीच एक बाई शिकवते, तिला विचारून वागा.

वरचं गाव बघून चकित होऊ नकोस. सध्या कामानिमित्त जिंतूरला आहे. हवा चांगली आहे. सुमनही आली आहे. पत्र ह्याच पत्त्यावर पाठव.

त्रेचाळीस जणांचा कागद साहेबांनी दोनदा बघितला. मग मिसल बाजूला ठेवायला शिपायाला न देता स्वतः उठून ठेवली.

दिनकर

~

उंबरदरी,
आश्विन शु. १२, शके १८६३

चि. दिनकर,

दसऱ्याला शाळा सुरू झाली. पाटीपूजन नव्या खोलीत झालं.

खोली काही फार देखणी नाही. एक भिंत किंचित बाहेर झुकली आहे, गवंड्याला म्हटलं तर म्हणाला, ती माळाकडं बघायलीय. पण काळ्या दगडाची, मजबूत, आणि पाऊस आला तरी आत थेंब नाही. भाद्रपदातल्या पावसात आश्रुबा मास्तर आणि मी मुद्दाम आत उभं राहून बघितलं. मास्तर भला माणूस आहे. सकाळची शाळा ते घेतात, दुपारची मी घेते. ते मला 'बाई' म्हणतात आणि माझ्यासमोर विडी ओढत नाहीत.

पहिल्या दिवशी चौतीस लेकरं आली. कडूबाईच्या दोन्ही पोरी नवं परकर-पोलकं घालून आल्या आणि सवयीनं दाराबाहेर उभ्या राहिल्या. कोणी अडवलं नव्हतं. तरी उभ्या. मास्तरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. धाकटीचं नाव आलं, तर ती बाहेरूनच "हजर" म्हणाली, खणखणीत. मास्तर म्हणाले, "बाहेरची हजेरी मी मांडत नाही, पोरी. आत येऊन सांग." तेव्हा आली. थोरली तिच्या मागोमाग. भिवराबाईचा नातू सरकला आणि जागा झाली.

सगळं गोडच झालं असं लिहिलं तर खोटं होईल. दुसऱ्या दिवशी नऊ लेकरं आली नाहीत. आज पाच परत आली, कारण घरात बसवून आयांना त्यांचा जाच व्हायला लागला. चार अजून यायची आहेत. येतील. आबासाहेबांची नात पहिल्या रांगेत बसते, त्यामुळं बाकीच्यांना फार बोलता येत नाही.

आता दुसरं. काल गुत्तेदार आला होता. त्यानं सहज विचारलं, "तुमच्या भावाचं जिंतूरला जमलं का? एका ओळीपायी बदली झाली बिचाऱ्याची." मी विचारलं, कोणती ओळ? त्यानं सांगितलं. हरकत नाही असं लिहिल्याबद्दल तुला जाब द्यावा लागला, बढती थांबली, आणि परभणीहून उचलून तिकडं टाकलं. म्हणजे माझ्या एका शब्दानं. आणि तू मला लिहिलंस, हवा चांगली आहे.

तू का लपवलंस, दिनकर? मी काही लहान नाही. मी कालपासून जेवले नाही. जाऊबाईंनी बळं घास भरवला. तुझं आणि सुमनचं घर माझ्यापायी मोडलं. मला खरं काय ते लिही.

कमल

~

जिंतूर,
ता. १२ ऑक्टोबर १९४१

ती. ताईस,

आधी जेव. मग पुढचं वाच.

लपवलं, कारण तेव्हा तुला कळलं असतं तर तू माळावरून घरी आली असतीस आणि माझ्यासाठी रडत बसली असतीस. तुझं काम तिथं होतं. ओळ मी लिहिली होती. लिहिताना मला थांबून विचार करता आला असता, मी केला नाही. तुझा शब्द होता, सही माझी होती. साहेबांनी केलं ते रीतसरच केलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आणि हवा खरोखरच चांगली आहे. सुमनला इथं परभणीपेक्षा करमतं. घरामागं चार वाफे आहेत, तिनं मेथी आणि दोडके लावले आहेत, आणि शेजारणींना परभणीच्या गोष्टी सांगून भाव खाते. मी संध्याकाळी उजेडी घरी येतो. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. बढतीचं म्हणशील, तर ती कधीतरी येईल. नाही आली तर दोडके आहेत.

ती धाकटी बाहेरून "हजर" म्हणाली ते मी सुमनला तीन वेळा वाचून दाखवलं. चौथ्या वेळी तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं.

आता माझं काम. गेल्या आठवड्यात मी पूर्णेच्या काठानं येलदरीपर्यंत जाऊन आलो. नदीतून वाळू जाते, गाड्याच्या गाड्या. तिचाही मालकाना भरला जातो. आणि काठच्या चार गावांत मिळून शाळा एकही नाही. मी त्या रात्री जुनी फर्मानं पुन्हा काढली. वाळूलाही तीच वाट आहे.

तेव्हा तुझ्या अर्जाची नक्कल धाड. मजकूर तसाच घेतो, फक्त गावाचं नाव बदलतो.

दिनकर

~

उंबरदरी,
आश्विन वद्य १३, शके १८६३

चि. दिनकर,

जेवले. सुमनला सांग, दोडक्याच्या शिरांची चटणी करून बघ, तुला आवडायची.

चारांपैकी तिघं आली. चौथा आजारी आहे, खरंच आजारी आहे, मी जाऊन बघून आले.

नक्कल पाठवत नाही. तुझा राग आला म्हणून नव्हे. तो अर्ज उंबरदरीचा आहे, तो तिकडं गावाचं नाव बदलून चालायचा नाही.

कागद नंतर लिही. आधी नदीवर जा. वाळू कोण नेतं ते गुत्तेदार सांगेल. पण त्या वाळूत उन्हाळ्यात खरबुजाच्या वाड्या कोण लावतं, गुरं पाण्याला कुठून उतरतात, झिरे कोण उकरतं, धुणं कोण धुतं, हे त्यांचं त्यांनाच विचार. पहिल्यांदा बायकांना विचार. त्या सांगायच्या नाहीत, तरी विचार. कचेरीची टोपी घरी ठेव, आणि उभा राहून विचारू नकोस, वाळूत खाली बस. उभ्या माणसाला कोणी खरं सांगत नाही.

उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ बसून राहा.

तुझी,
कमलताई